लॉनला पाणी किती? आधी बादली आणि घड्याळ घ्या

मार्च संपत आला की मला येणाऱ्या प्रश्नांचा रंगच बदलतो, गुलाब नि कढीपत्ता मागे पडतात आणि जो तो एकच विचारतो, लॉन पिवळं पडतंय, पाणी वाढवू का. यंदा तर पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप मिळून इतके आलेत की पूर्ण पानच लॉन आणि घरातलं पाणी या विषयाला दिलंय. एक आधीच सांगते, मला लॉन आवडतं, पोरं त्यावर लोळतात ते बघायला फार आवडतं, पण ज्या शहराच्या एका टोकाला बायका हंडे घेऊन टँकरमागे पळतात त्याच शहरात प्यायचं पाणी गवतावर उडवलेलं मला बघवत नाही. उत्तरं त्याच मनाने दिलीयेत, कुणाला कडक वाटली तर वाटू देत.

प्रश्न : ताई, आमचा नाशिकला बंगला आहे, पुढे साधारण 1200 स्क्वेअर फूट लॉन. माळी रोज सकाळी पाऊण तास पाइपने पाणी मारतो तरी मधे मधे पिवळे चट्टे पडलेत. सासरे म्हणतात संध्याकाळीपण द्या, मिस्टर म्हणतात बोअर आटत चाललीये. मी कुणाचं ऐकू?

मिस्टरांचं ऐका. पण त्याआधी एक काम करा, उद्या सकाळी माळीदादा यायच्या आत 20 लिटरची बादली पाइपखाली ठेवा आणि मोबाइलवर वेळ लावा. साध्या अर्ध्या इंची पाइपला बऱ्यापैकी प्रेशर असेल तर मिनिटाला 15 ते 20 लिटर पाणी येतं. समजा 18 आलं, तर पाऊण तासात झाले 810 लिटर. आता शहरात पाणीपुरवठ्याची योजना आखताना माणशी रोजचं 135 लिटर धरतात, अंघोळ, संडास, स्वयंपाक, धुणं सगळं त्यात आलं. म्हणजे तुमच्या दारातलं गवत रोज सहा माणसांचं पाणी पितंय. सासऱ्यांना हा आकडा नीट शांतपणे सांगा, ते नाही म्हणणार नाहीत.

आता गवताला खरं लागतं किती ते बघू. हिशोब सोपा आहे, 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर 1 लिटर. तुमचं लॉन साधारण 110 चौरस मीटर भरतं. हरळीच्या जातीच्या गवताला आपल्याकडे भर मे महिन्यात दिवसाला ढोबळमानाने 4 मिलिमीटर पुरतं, थंडीत त्याच्या निम्मं. म्हणजे मे मध्ये रोजचे 440 लिटर, आणि तुम्ही देताय 810. मग पिवळं का पडतंय? कारण ते पाणी खाली जातच नाहीये. माळी नळीचं तोंड अंगठ्याने दाबून उभ्या उभ्या फवारा मारतो ना, बघायला छान वाटतं, वर हिरवं चमकतं, पण माती वरची इंचभर भिजते आणि अकरा वाजेपर्यंत वाळून जाते. मुळं शहाणी असतात, जिथे पाणी तिथे राहतात, रोज वरवर पाणी मिळालं की वरच्या इंचातच जाळं करतात आणि तोच इंच उन्हात सगळ्यात जास्त तापतो.

म्हणून रोजचं पाणी बंद करा आणि दर चौथ्या दिवशी भरपूर द्या. चार दिवसांचे 16 मिलिमीटर एकदम, म्हणजे 1760 लिटर. ऐकायला खूप वाटतं पण तुमचे चार दिवसांचे सध्या 3240 होतायत. रोजच्या पाण्यावरून एकदम चौथ्या दिवसावर नका जाऊ, आधी दोन आठवडे एक दिवसाआड, मग दोन दिवस सोडून, मग तीन. मुळांना खाली जायला वेळ लागतो. जमीन कडक असेल आणि पाणी फुटपाथवर वाहायला लागलं तर निम्मं द्या, अर्धा तास थांबा, उरलेलं मग द्या, तेवढ्यात पहिलं मुरलेलं असतं. वेळ पहाटेची, ऊन चढायच्या आत, वारा पडलेला असताना. रात्री उशिरा दिलं तर पाती रात्रभर ओली राहून बुरशी धरते, विशेषतः पावसाळ्याच्या आगेमागे.

स्प्रिंकलर असेल तर श्रीखंडाचे रिकामे डबे कामाला येतात. सहा-सात एकसारखे डबे लॉनवर विखरून ठेवा, पंधरा मिनिटं स्प्रिंकलर चालवा आणि शाळेच्या पट्टीने प्रत्येकात किती मिलिमीटर पाणी साचलं ते मोजा. डबे सरळ काठाचे घ्या, वर पसरट होत जाणारा डबा आकडा जास्त दाखवतो. मी हे एका घरी केलं तर एका डब्यात 9 मिलिमीटर आणि कोपऱ्यातल्या डब्यात 2, म्हणजे त्या कोपऱ्यासाठी सगळ्या लॉनला चौपट पाणी जात होतं. तिथे स्प्रिंकलरचं डोकं फक्त दीड फूट सरकवलं, बाकी काही नाही.

आणि पाणी द्यायची वेळ झाली का ते कॅलेंडरला नाही, गवताला विचारा. संध्याकाळी लॉनवरून चालत जा आणि मागे वळून बघा, पावलांचे ठसे तसेच राहिले, गवत परत उभं राहिलं नाही, रंग जरा निळसर राखाडी दिसायला लागला तर दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी. उभं राहिलं तर गप्प बसा. पाणी दिल्यावर तासाभराने लांब स्क्रूड्रायव्हर मातीत दाबा, चार-पाच इंच आरामात गेला तर पाणी पोचलं.

चट्ट्यांबद्दल आणखी एक, पिवळ्या जागचं गवत मूठभर धरून ओढून बघा. चटईसारखं सुटून हातात आलं तर तो पाण्याचा प्रश्नच नाहीये, खाली हुमणी अळी आहे, पांढरी, अर्धगोल वळलेली, मुळं खाते. तिथे कितीही पाणी ओता, उपयोग शून्य.

प्रश्न : आमची पुण्यात 60 फ्लॅटची सोसायटी आहे, मधे 6000 स्क्वेअर फूट लॉन. एप्रिलपासून टँकर सुरू होतात आणि दर मीटिंगला भांडणं, एक गट म्हणतो लॉन बंद करा, दुसरा म्हणतो मग मुलं खेळणार कुठे. एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) आहे पण पाण्याला वास येतो म्हणून ते गटारात सोडतो. तोडगा सुचवा.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मला खरंच वाईट वाटलं. 6000 फूट म्हणजे 557 चौरस मीटर, उन्हाळ्यात त्याला दिवसाला सव्वादोन हजार लिटर लागतात, म्हणजे 10,000 लिटरचा टँकर साडेचार दिवसांत नुसत्या गवतात, दोन महिन्यांत तेरा-चौदा टँकर. आणि दुसरीकडे 60 फ्लॅटमधली अडीचशे माणसं माणशी 100 लिटर सांडपाणी धरलं तरी रोज 25,000 लिटर एसटीपीला देतायत, लॉनच्या गरजेच्या दहापटीहून जास्त. ते गटारात आणि टँकरचं गवतावर, हे उलटं करायचं एवढाच तोडगा आहे.

वास येतो याचा अर्थ बहुतेक वेळा हवेचा ब्लोअर नीट चालत नाही किंवा विजेचं बिल वाचवायला रात्री बंद ठेवतात. एसटीपीतले जिवाणू हवेवर जगतात, काही तास हवा बंद झाली की ते मरायला लागतात आणि सडका वास सुटतो. वीज वाचवली असं वाटतं पण त्याच्या कितीतरी पट टँकरला जातात. ब्लोअर चोवीस तास चालू ठेवा, फिल्टरची वाळू शेवटची कधी बदलली ते ऑपरेटरला विचारा, महिन्याला पाण्याची लॅब टेस्ट करून रिपोर्ट नोटिस बोर्डावर लावा. लोकांचा विश्वास रिपोर्ट बघून बसतो, चेअरमनच्या शब्दावर नाही बसत.

लॉनला हे पाणी देताना मात्र काळजी घ्या. कारंज्यासारखं उंच उडवू नका, बारीक तुषार हवेत पसरतात. पहाटे जमिनीलगत द्या आणि गवत पूर्ण वाळल्यावरच मुलांना सोडा. या पाण्याची लाइन वेगळी हवी, पाइपचा रंग वेगळा हवा, नळावर पिण्याचं पाणी नाही असा बोर्ड मराठी आणि हिंदी दोन्हीत, कारण वॉचमनची पोरं त्याच नळाला तोंड लावतात, मी पाहिलंय.

आणि लॉन 6000 फूटच का हवं? एका रविवारी संध्याकाळी गॅलरीतून बघा मुलं नेमकी कुठे खेळतात, सोसायट्यांमधे बहुतेक वेळा एकच चौकोन तुडवलेला असतो. तेवढा 2000-2500 फूट राखा. झाडाखालचं गवत तसंही सावलीत विरळच येतं, ते सोडून द्या, तिथे झाडूवाली रोज गोळा करते तो पालापाचोळा तीन-चार इंच पसरा. पाला जाळायचा नाही, कचऱ्याच्या गाडीत द्यायचा नाही, झाडाखाली घालायचा, झाडाचं पाणीपण त्याने वाचतं. कंपाउंडच्या कडेने जलपिंपळी लावा, रतोलिया पण म्हणतात तिला, जमिनीला चिकटून पसरते, पाणी कमी लागतं, छोटी पांढरट जांभळी फुलं येतात. एकच, फुलांवर मधमाश्या येतात म्हणून खेळायच्या जागेत नको. आणि नर्सरीवाला पिवळ्या फुलांची वेडेलिया गळ्यात मारेल, ती नका घेऊ, हाताबाहेर जाते.

प्रश्न : वॉशिंग मशीनचं, आरओचं आणि एसीचं पाणी लॉनला चालतं का? घरात चौघं आहोत, छत्रपती संभाजीनगर, बोअरचं पाणी खूप जड आहे.

तिघांची उत्तरं तीन वेगळी आहेत. एसीचं पाणी हवेतल्या बाष्पाचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात, बिनधास्त द्या, पण ते थोडं, कुंड्यांपुरतं.

आरओचा मशीन 1 लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण 3 लिटर बाहेर टाकतो, चौघांच्या घरात 12 लिटर पिण्या-स्वयंपाकाला धरलं तर 36 लिटर रोज. पुण्यात खडकवासल्याचं गोडं पाणी असलेल्या घरात हे पाणी बागेत चालतं, मुळात तिथे आरओची गरजच नसते, साधा फिल्टर पुरतो. तुमच्याकडे बोअरच जड, आरओ त्यातलेच क्षार गोळा करून त्या 3 लिटरात टाकतो, ते रोज गवताला दिलं तर पात्यांची टोकं जळतात आणि मातीवर पांढरी खपली येते. ते पाणी फरशी पुसायला, संडासात ओतायला, गाडीची चाकं धुवायला ठेवा. तेवढंच चांगलं पाणी वाचतं आणि ते वाचलेलं गवताला द्या, हिशोब तोच.

वॉशिंग मशीनबद्दल माझाच अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी मी मशीनचा पाइप सरळ लॉनच्या कोपऱ्यात सोडला होता, पाणी वाया जात नाही याचं समाधान होतं. तीन महिन्यांत तो कोपरा सिमेंटसारखा झाला, पाणी ओतलं की वर तळं साचायचं, खुरपी आत जाईना. पावडरमधे सोडियम असतं, ते आपल्या काळ्या मातीत बसलं की मातीचे कण सुटे होतात आणि त्या बारीक कणांनी भोकं बंद होतात. जिप्सम टाकून, पुढचा अख्खा पावसाळा धुऊन निघाल्यावर ती जागा ताळ्यावर आली. तेव्हापासून पहिलं साबणाचं पाणी नालीत आणि फक्त शेवटच्या खळबळण्याचं पाणी ड्रममधे घेते, तेही लॉनच्या वेगवेगळ्या भागाला फिरवून. ड्रममधे चोवीस तासांच्या वर ठेवायचं नाही, वास मारतं आणि डास होतात.

सगळ्यात उत्तम पाणी स्वयंपाकघरातलं, तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं. सिंकखाली एक पातेलं ठेवा, दिवसाला 10-15 लिटर सहज जमतं. मीठ घातलेलं उकडीचं पाणी तेवढं नको. आणि न्हाणीचं पाणी आपल्या आज्या कुठे सोडायच्या आठवा, परसात मोरीच्या तोंडाशी अळू, कर्दळ, केळ असायची. ती झाडं साबणाचं पाणी पिऊन वाढतात, गवत नाही. जागा असेल तर तसंच करा, वर अळूची भाजी मिळते.

प्रश्न : सोलापूरजवळ नवीन घर बांधलंय. लँडस्केपवाला मेक्सिकन लॉनच्या लाद्या लावू म्हणतो, एप्रिलमधेच. लावू का?

एप्रिलमधे अजिबात नको. नवीन लाद्यांना पहिले तीन आठवडे दिवसातून दोनदा पाणी लागतं आणि तुमच्याकडचं ऊन मी सांगायला नको. पाऊस बसला की, जूनच्या शेवटी किंवा जुलैत लावा, निम्मं काम आभाळच करेल.

मेक्सिकन दिसतं सुंदर, पायाला गालिचा लागतो, पण ते पाणी मागतं आणि दोन-तीन वर्षांत फुगून त्याच्या गाद्या होतात. सोलापूरच्या उन्हात हरळीच बरी, बाजारात तिची बारीक पात्याची जात सिलेक्शन वन नावाने मिळते. मुळं खोल जातात, पाणी तोडलं तर वाळल्यासारखी होते पण मरत नाही. शेतकरी आयुष्यभर जिला उपटत राहतो ती किती चिवट असेल विचार करा. लावायच्या आधी जमिनीचं मात्र बघा, बिल्डरने वाळू, सिमेंट, विटांचे तुकडे दाबून वर चार बोटं लाल माती टाकलेली असते, ती किमान 8-9 इंच खणून राडारोडा काढा आणि कुजलेलं शेणखत मिसळा. जमीन चांगली केली तर पुढे वर्षानुवर्षं पाणी कमी लागेल, इथे पैसे वाचवू नका. उन्हाळ्यात युरिया टाकायचा नाही, जितकं वाढवाल तितकं ते पाणी मागेल. कापणीपण उंच ठेवा, दीड-दोन इंच, एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. कापलेलं गवत तिथेच पडू द्या, सावली होते मातीला.

प्रश्न : गच्चीच्या पावसाच्या पाण्याची 1000 लिटरची टाकी बसवली तर लॉनचा प्रश्न सुटेल का?

नाही सुटणार. 100 चौरस मीटर लॉन असेल तर 1000 लिटर म्हणजे 10 मिलिमीटर, भर उन्हाळ्यात अडीच दिवस. आणि पाऊस पडतो तेव्हा लॉनला पाणी नकोच असतं. 1000 स्क्वेअर फुटाच्या गच्चीवर पुण्यासारख्या 700 मिलिमीटर पावसात वर्षाला 50,000 लिटर तरी हाती लागतात, ते गाळून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात मुरवा. टाकी कुंड्यांसाठी ठेवा.

प्रश्न : मी मेलबर्नला असते. इथे स्प्रिंकलरला वेळेचे नियम आहेत, पण काउच ग्रास जानेवारीत करपतं. आणि गणपतीत दूर्वा कुठून आणायच्या हा दरवर्षीचा प्रश्न!

तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यातच सुटतो, तिथे ज्याला काउच म्हणतात (उच्चार कूच करतात ना?) ती आपली हरळीच, म्हणजेच दूर्वा. एक कोपरा न कापता ठेवा, तिथे औषध मारू नका, तीन पानांचे कोवळे तुरे मिळतील. स्प्रिंकलर संध्याकाळी 6 ते सकाळी 10 एवढाच, हा तुमच्याकडचा नियम मला फार आवडतो, त्यातली पहाट निवडा. माती रेताड असेल आणि पाणी थेंबाथेंबाने वरून घरंगळत असेल तर तिथे मिळणारं वेटिंग एजंट, म्हणजे मातीत पाणी मुरायला मदत करणारं औषध, वर्षातून एकदा टाका आणि वर कंपोस्ट पसरा.

प्रश्न : मी लातूरची, वय 71. ह्यांनी रिटायर झाल्यावर अंगणात छोटं लॉन केलं होतं, रोज संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून बसायचे. ते जाऊन दोन वर्षं झाली. नळाला रोज पाणी येत नाही, सून म्हणते आई आता सोडा ते. मला पटतं पण जीव होत नाही. 2016 ला आम्ही रेल्वेच्या पाण्यासाठी उभे राहिलोय, मला पाण्याची किंमत माहीत आहे.

काकू, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. 2016 च्या एप्रिलमधे मिरजेहून पहिली गाडी 5 लाख लिटर घेऊन लातूरला आली ते आम्ही टीव्हीवर बघत होतो, तुम्ही रांगेत होतात. त्याच महिन्यात मैदानांच्या पाण्याचा वाद हायकोर्टात जाऊन 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायचा आदेश झाला होता, तेव्हा पहिल्यांदा गवताला किती पाणी लागतं यावर घराघरात बोलणं झालं. त्यामुळे तुम्हाला मी पाणी वाचवा म्हणून काय सांगणार.

एवढंच सांगते, सूनबाई चुकीचं बोलत नाहीत आणि तुम्हालाही सगळं सोडायची गरज नाही. त्यांची खुर्ची जिथे असायची तिथली 5 फूट बाय 5 फूट जागा दोरी लावून आखा. बाकीच्या गवताचं पाणी आजपासून बंद करा. ते हरळीचं असेल तर पिवळं होईल, मग तपकिरी होईल, बघून वाईट वाटेल पण ते मेलेलं नसतं, खाली गाठी जिवंत असतात, जूनचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की आठ-दहा दिवसांत परत फुटतं. उपटू नका आणि कुणाला फरशी घालू देऊ नका.

त्या चौकोनाला 2.3 चौरस मीटर जागा होते, त्याला आठवड्याला 60 लिटर पुरतात, म्हणजे दिवसाचे 8-9 लिटर, तेवढं तुमच्या घरचं तांदूळ-भाजी धुतलेलंच निघेल. एका बादलीत साठवून एक दिवसाआड संध्याकाळी ऊन कललं की झारीने हळूहळू घाला, पहाटे उठून वाकायचं नाही. दुपारच्या उन्हाला वरून जुनी सुती साडी बांबूला बांधून आडोसा करा, पाणी आणखी कमी लागेल. बादली नातवंडांकडून उचलवा, तुम्ही फक्त झारी धरा. आणि खुर्ची तिथेच ठेवा.

पाऊस पडून बाकीचं गवत फुटलं की मला कळवा, मी वाट बघतेय.